लाल पट्टीचा हेडफोन

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे, त्यामुळे आठही अंगं टेकलेली नाहीत, नमस्कार मात्र पूर्ण धरावा.) आधी घडलं ते क्रमाने सांगते, मग तब्येतीकडे वळते.

१. गेल्या सोमवारी मी तीन डीजे हेडफोन विकत घेतले.
२. बुधवारपर्यंत त्यातले दोन मोडले.
३. ते मी मोडले.
४. तिसरा मोडला नाही. अडचण त्याचीच आहे.
५. साहेबांनी पाहुण्यांना दोनशे नमुने कबूल केले आहेत.
६. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मला हेडफोन लागणार आहे.

आता तब्येत. तुझा गुडघा कसा आहे? आई म्हणते बरा असणार, कारण तू कुरकुर करत नाहीस. पण तक्रार आली नाही म्हणजे बिघाड नाही, असं आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात तरी कोणी मानत नाही. फोन करून विचारलं असतं, पण निवृत्त झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे उचलले, आता वाजू दे की, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्यामुळे मला पत्र लिहावं लागतं आणि पत्रात मी वाहवत जाते (बोलताना असं होऊ देत नाही, तुला माहीत आहे).

तर, गेली दोन वर्षं मी खोलीत दार लावून काय करते हे घरात तुझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. एका कानावर हेडफोन, त्यात पुढचं गाणं. दुसरा कान उघडा, त्यात चालू असलेलं गाणं. दोन्हींचा वेग जुळवायचा आणि एकातून दुसऱ्यात असं शिरायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका कानाने ट्रंक कॉल आणि दुसऱ्याने सुपरवायझरबाईंची बडबड ऐकायचीस, तेच हे काम, फक्त बाई नाहीत. खोलीतून येणारी धपधप ऑफिसची आहे असं मी आईला सांगितलं. आईने ते शेजारी सांगितलं. आता शेजारच्या काकू मला जिन्यात थांबवून हळहळतात, की काय ही कंपनी, पोरीला बिजागऱ्या घरी आणून ठोकायला लावते.

आमच्या भागातल्या नाचाच्या हॉलच्या बाईंनी मला शनिवारची चाळीस मिनिटं दिली आहेत. याआधीही दोनदा दिली होती. पहिल्यांदा मी वायर खात्रीची नाही म्हणून गेले नाही, दुसऱ्यांदा टेबल चार सेंटिमीटरने बुटकं आहे म्हणून. या खेपेला बाई म्हणाल्या, आता काही मोजू नका, नुसत्या या, नाहीतर ती वेळ मी बासरीवाल्याला देते. ते गृहस्थ टेबल मागतच नाहीत.

त्यात बाबांचा रेडिओचा हेडफोन, ज्यावर मी दोन वर्षं काढली, मधोमध तुटला. म्हणून दुकानात गेले. डीजेचा हेडफोन दिवसातून शंभरदा मुडपला जातो, मानेवर ताणला जातो, पिशवीत कोंबला जातो, तेव्हा हा किती टिकेल, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जपून ठेवलात तर जन्मभर." जपून ठेवला तर काकडीसुद्धा चार दिवस जास्त टिकते. मी दुकानातल्या तिन्ही प्रकारचे एकेक घेऊन तडक कारखान्यात नेले.

तुला आठवत असेल, आमच्या चाचणी खोलीत एक यंत्र आहे. ते कपाटाचं दार हजारो वेळा उघडतं आणि मिटतं, आणि बिजागरी कधी दगावते ते मी लिहून ठेवते. हेडफोन मुडपतो तिथेही बिजागरीच असते. पहिला (चकचकीत, कडेने दिवे) अकराशे चाळीसाव्या उघडझापेला गेला. दिवे मात्र त्यानंतरही लागत होते. दुसऱ्याचा सांधा पोलादी निघाला, पण वायर आतून कायमची डकवलेली. ती मुळाशी तुटली आणि एक कान मुका झाला. ती बदलता येत नाही, म्हणजे नख तुटलं म्हणून हात फेकायचा. तिसरा दिसायला अगदीच ओबडधोबड. स्क्रू बाहेर दिसतात, वायर उपसून नवी लावता येते, कानावरच्या गाद्या हाताने निघतात. तो वीस हजारांनंतर थोडा कुरकुरला, एवढंच. (आवाज कसा आहे, असं तू विचारशील. तो मी सगळ्यात शेवटी ऐकला. चांगला आहे.)

बुधवारी तो यंत्रावर जबड्यासारखा उघडमीट करत असताना साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. साहेबांना सगळं येतं, फक्त "मला माहीत नाही" हे वाक्य येत नाही. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि हे आपलं पुढच्या वर्षीचं काम आहे, सहसा कोणाला दाखवत नाही, असं दहा मिनिटं समजावून सांगितलं. पाहुणे इतके खूश झाले की दोनशे नमुने मागून गेले. ते गेल्यावर साहेबांनी हळूच मला विचारलं,

"हे काय आहे?"

"हेडफोन."

"ते दिसतंय मला. आपला काय संबंध?"

"बिजागरी आहे, सर."

साहेब सोमवारपर्यंत अहवाल द्या म्हणाले. तो मी कालच दिला. त्यात एकही वाक्य खोटं नाही.

आता अडचण. आमच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात नियम लावलेला आहे: चाचणीत उतरलेला नमुना वापरात देऊ नये. त्याचं आयुष्य आपण आधीच खर्च करून टाकलेलं असतं, म्हणून त्यावर लाल पट्टी मारायची आणि बाजूला ठेवायचा. तिसऱ्यावर मी पट्टी मारली (हात सवयीने चालला) आणि तसलाच कोरा आणायला दुकानात गेले. तो शेवटचा होता. नवा माल पुढच्या महिन्यात येतो. म्हणजे जो मोडला तो चालत नाही आणि जो टिकला तो वापरायचा नाही.

घराण्यात पोटासाठी कानाला हेडफोन लावलेली तू एकटीच, म्हणून विचारते: नियम मोडून हाच वापरू, की बाईंना पुढचा महिना सांगू?

विचारताना मला तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट आठवते. बाबांनी सायकलच्या दुकानाचा नंबर मागितला, तुझा हात थरथरला, वायर शेजारच्या खाचेत गेली, आणि बाबा एका परक्या मुलीला पाच मिनिटं मागचं चाक झालं का विचारत राहिले. (आई सांगते, तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, पण माणूस इतक्या काळजीने विचारत होता की तिने "उद्या फोन करा" सांगितलं.) म्हणजे चार सेंटिमीटरवरून अडून बसणारी मी एका चुकीच्या जोडणीतून जन्माला आले आहे. हे मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. वरचा प्रश्न लिहिता लिहिताच सुटला. लाल पट्टीचाच वापरणार. नियमाने पाहिलं तर दोन वर्षं बंद खोलीत चाचणी झालेली मीही लाल पट्टीचीच, आणि तरी शनिवारी जाणार आहे.

आणखी ता. क. गेल्या वर्षी तू मला सांगितलंस की त्या दिवशी तुझा हात थरथरलाच नव्हता. सकाळी लाइन तपासताना त्या मुलीचा आवाज तू ऐकला होतास आणि तो दादाला शोभेल असं तुला वाटलं होतं. हे आई-बाबांना अजून माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही. (ही धमकी नाही, नोंद आहे.) तशीच एक चूक पुन्हा कर. शनिवारी दोघांना फिरायला म्हणून बाहेर काढ आणि पाच वाजता चुकून त्या हॉलमध्ये आण. पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. मी स्वतः सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बिजागऱ्यांबद्दल बोलले. जमेल की नाही ते गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत तूच फोन करून कळव.