दादानं निवडलेलं पिस्तूल

बाबा,

कशी आहात सगळी? आईचे गुडघे आता दुखत नसतील. आजीला नीट दिसतं का? आणि दादा पोचला ना? त्याचा खोकला थांबला का ते आधी सांगा, शेवटचे दोन महिने त्यानं फार सोसलं. कालच त्याचं तेरावं झालं. आपल्यातली इकडे आता मी एकटीच उरले. माझं म्हणाल तर दात सोडून सगळं जागेवर आहे.

तुम्हाला भेटल्या भेटल्या त्यानं माफी मागितली असेल, पिस्तुलाची. म्हणूनच लिहायला बसले. माझी शाळा तुमच्यामागे सुटली, आणि जयपुरात मराठी शिकवणार कोण? तुमच्या जुन्या पत्रांवरून गिरवून शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

चौमू गावच्या त्या खुनात पोस्टमॉर्टेमचा दाखला बदलून द्यायला तुम्ही नकार दिलात, धमक्या यायला लागल्या आणि तुम्हाला हत्याराचा परवाना मिळाला. दुकानात तुम्ही आणि दादा निघालात, तर बाहेर पडायच्या हौसेनं मीही मागे लागले. दुकानदार म्हातारा, डोळ्यांत सुरमा. त्यानं हिरव्या कापडावर दोन हत्यारं मांडली. म्हणाला, "हुकुम, रिव्हॉल्वर सीधी-सादी चीज है. खोलो तो सब सामने. एक गोली ना चले तो फिर दबाओ, अगली आ जाएगी. पिस्तौल अटक गई तो छुड़ाने को दोनों हाथ चाहिए." आणि त्यानं तुमच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सायकलवरून पडल्यापासून त्याची दोन बोटं वळत नव्हती.

दादा बाविशीचा, त्याला कुठला धीर. "बाबा, रिव्हॉल्वर म्हणजे खिशात नारळ ठेवल्यासारखं दिसेल. हे बघा कसं चपटं आहे. शिवाय आठ गोळ्या."

"मला काय लढाईवर जायचंय? सहा पुष्कळ झाल्या. खरं म्हणजे एकही नको."

दादाचा चेहरा उतरला. तो तसा उतरलेला मला अजून दिसतो. तुम्ही हसलात. "बरं, तुझ्या मनासारखं होऊ दे. एवढा इंजिनियर झालास, एक वस्तू तुझ्या पसंतीची घेतो." दुकानदारानं पिस्तूल बांधून दिलं.

मग खंडेनवमी आली. बनी पार्कातल्या घरी, स्वयंपाकघरात पाट मांडलेला आहे. त्यावर तुमचा स्टेथोस्कोप, कात्र्या, आईची विळी, दादाची गणिताची पट्टी, आणि मधोमध पिस्तूल. तुम्ही त्यातल्या गोळ्या काढता, वरचा भाग मागे ओढून उघडाच अडकवून ठेवता, आत काही नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. "आता हे चमच्याइतकं गरीब आहे," म्हणता. पूजा माझ्याकडे. मी हळदकुंकू वाहते, कुंकवात रंगवलेल्या अक्षता वाहते, मूठभर, पुन्हा मूठभर. "अगं पुरे. पूजा करतेस की लग्न लावतेस त्याचं?" सगळे हसतात. माझ्या मनात मात्र एवढंच, की यानं माझ्या बाबांना सांभाळावं. दुसऱ्या दिवशी मी ते वरून स्वच्छ पुसून तुमच्या हातात दिलं.

पुढच्याच गुरुवारी चौमूच्या दवाखान्यातून परतताना भर दुपारी त्यांनी रस्त्यात बैलगाडी आडवी घालून जीप अडवली. ड्रायव्हरभैया डोक्याला पट्टी बांधून ओसरीवर सांगत होते, "डॉक्टरसाब ने पिस्तौल दबाई, कुछ नहीं हुआ. फिर खींचने लगे तो बायाँ हाथ फिसल गया." मग लाठ्या. तुम्ही दोन दिवस तुमच्याच वॉर्डात होतात, पण डोळे उघडले नाहीत.

त्याच ओसरीवर थानेदारांनी पिस्तूल उघडलं. गोळी टेबलावर पडली. "गोली पूरी बैठी नहीं थी," ते म्हणाले. "रिव्हॉल्वर होती तो बात और थी." दादा दाराची चौकट धरून उभा होता.

त्यानंतर त्यानं आयुष्यात काही निवडलं नाही, बाबा. शर्टाचं कापड वहिनीनं घ्यायचं, मुलांचं कॉलेज मुलांनी ठरवायचं. हॉटेलात गेलो तरी, "तुम्ही मागवाल ते." लोक म्हणायचे, किती साधा माणूस. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते, तर म्हणाला, "छोटी, त्या म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर?" मी त्याला पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "झोप आता."

तेव्हा सांगायचं होतं, आणि त्याआधीही कितीदा तरी. त्या दिवशी गोळीबरोबर आणखी एक वस्तू त्या पिस्तुलातून निघाली आणि माझ्या पायाशी फरशीवर पडली. कुंकवानं लाल झालेला एक तांदूळ. कुणी पाहायच्या आत मी त्यावर पाय ठेवला. अक्षतेला पाय लागला तर नमस्कार करायचा, एवढं आईनं शिकवलं होतं. मी वाकलेसुद्धा नाही. थानेदार जाईपर्यंत तशीच उभी राहिले, आणि दादाकडे पाहिलं नाही.

हे पत्र जाणार कुठे? हळदकुंकवाच्या डब्याखाली ठेवते. पण दादा तुमच्याजवळ बसला असेल तर एवढं त्याला वाचून दाखवा. आणि तो काय म्हणाला ते मला लवकर कळवा, बाबा. रागावला असेल तरी कळवा.

तुमची,
छोटी