उभ्या पिकातली वाट

शनि., २४ मे

अकरा मैल. मैल म्हणजे किती, ते चालल्यावर कळतं. बोटांचं पार भुस्कट झालं. इंग्लंडात शिकायला आले का डोंगर तुडवायला, माझं मलाच कळंना. शेजारच्या खोलीतली ग्रेस म्हणते, घरात बसलीस तर सडशील. घरात बसले असते तर बूट तरी कोरडे राहिले असते.

आज दोनदा पडले. एकदा ओढ्यात, एकदा सपाट जागी. आमच्या चालणाऱ्यांच्या क्लबचा म्होरक्या टॉम, भला माणूस, सपाट जागेकडं बराच वेळ बघत उभा राहिला. त्याला तिथं काहीच सापडलं नाही.

प्रबंध: ० पानं.

रवि., २५ मे

हदगावहून आईचा फोन. पप्पांनी दत्ताकाकाची वाट नांगरून टाकली.

आपल्या रानातून पलीकडं काकाच्या शेतात जाणारी गाडीवाट ती, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. मागच्या वर्षी चिखलात काकाचा ट्रॅक्टर वाट सोडून घसरला, कापसाच्या दोन ओळी चेंदल्या. पप्पा म्हणले, बांध दिसत न्हाई का? काका म्हणला, बांध तुह्या बापाचा हाय का? दोघांचा बाप एकच. तवापासून बोलणं बंद, आन आता नांगर.

काकाच्या शेताला तिन्ही बाजूंनी नाला. पेरणीला ट्रॅक्टर न्यायचा तर हीच एक वाट. मी आईला म्हणलं, मी इथून काय करू? ती म्हणली, "तू जेवलीस का?"

शनि., ३१ मे

नऊ मैल. इथं शेताच्या कडेला एक फाटक असतंय, माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही असं बनवलेलं. मी सॅकसकट त्यात अडकले. पुढंही जाता येईना, मागंही येता येईना. पलीकडं मेंढ्या रांगेनं उभ्या राहून बघून राहिल्या. ग्रेसनं आधी फोटो काढला, मग मला.

मंगळ., ३ जून

पप्पांनी व्हॉट्सअपवर कागद पाठवला. काकानं तहसीलला अर्ज केला, वाट मोकळी करून द्या म्हणून. आन अर्ज माझ्याविरुद्ध! निघताना पप्पांनी ती वाटेची दोन एकर माझ्या नावावर केली होती. म्हणले होते, "लेकरू कुठं बी गेलं तरी सातबाऱ्यावर नाव पाहिजे." तवा विमानतळावर मी किती रडले. आता त्याच सातबाऱ्यानं वाट अडवणारी म्हणून माझं नाव लावलं.

पप्पांच्या वकिलानं माझं लेखी म्हणणं तयार करून दिलं. "सदर गटातून कधीही वहिवाटीचा रस्ता नव्हता व नाही." खाली सहीची जागा. छापायचं, सही करायची, फोटो पाठवायचा. तारीख सोमवारी, १६ ला.

कधीही नव्हता म्हणे. दुसरीत असताना काकाच्या बैलगाडीतून त्याच वाटेवर मी खाली पडले. हनुवटीला तीन टाके. काका मला काखेत घेऊन हदगावच्या दवाखान्यापर्यंत पळत गेला, पायात चप्पल नव्हती. पप्पांना हे ठाव न्हाई का? सगळं ठाव हाय.

शनि., ७ जून

आज जे झालं ते लिहिते, मग झोपते. अंग ठेचून निघालंय.

दुपारी वाट गव्हाच्या शेतातून निघाली. शेताच्या मधोमध. कमरेइतका गहू, ओंब्या भरायला लागलेल्या, आन हे सगळे बिनधास्त त्यात शिरले. माझा पाय उचलंना. उभ्या पिकात पाय घालायचा? आपल्याकडं असं केलं तर चुलतभाऊ असला तरी चार पिढ्या उद्धरल्या जातात. टॉमला म्हणलं, तुम्ही व्हा पुढं, मी बांधावरून येते. इथं बांध कुठला! काठाच्या गवताखाली नाली होती, ती दिसलीच नाही. गेले कमरेपर्यंत आत, खाजकुयलीसारखं काहीतरी दोन्ही हातांना लागलं.

शेतकरी चार चाकांची मोटरसायकल घेऊन आला. म्हातारा, लालबुंद. मला वाटलं आता काही खरं नाही. मी आधीच माफी मागायला लागले, तुमचं पीक तुडवायचं नव्हतं म्हणून. तो म्हणतो, "मग वाटेनं का नाही गेलीस? पेरल्यावर ती वाट मी स्वतः मोकळी करून ठेवतो, दरवर्षी. नाली मी तुझ्यासाठी नाही खोदली." मी विचारलं, तुम्हाला चालतं का हे, पिकातून लोक जाणं? म्हणला, "अजिबात आवडत नाही. पण ती माझ्या आज्याच्या आधीपासून आहे." मग त्यानंच हाताला धरून वर ओढलं आन निघून गेला, नीट निरोपही घेतला नाही.

सगळे हसून राहिले होते. मला हसू येईना. हात अजून जळजळ करतात.

रवि., ८ जून

पप्पांना फोन. कालचं सांगितलं. म्हणले, "त्याला काय, हजार एकर असंल. आपली दोनच हाय."

मी म्हणलं, पप्पा, वाट तर होती ना?

"होती का नव्हती ते सोड. तू कोणाकडून हायस ते सांग."

"पप्पा, माझ्या हनुवटीचे—"

"बाई, सही करून पाठव. लोक म्हणतेत, पोरगी शिकली आन बापाला इसरली."

फोन बंद. वैताग आला नुसता. त्यांचा राग येतो, आन लगेच त्यांचा थकलेला आवाज कानात बसतो. कापूस चेंदला त्याचं दुःख न्हाई त्यांना. धाकट्या भावानं चारचौघांत बाप काढला, ते सलतंय.

गुरु., १२ जून

काकाचा फोन आला. वर्षानं.

"माय, तुह्यावर अर्ज केला म्हणून राग मानू नको. कागदावर नाव तुहं निघालं, मी काय करू?"

म्हणलं, राग न्हाई काका.

"पाऊस पडून गेला. समद्यांच्या पेरण्या चालू हायत. माहं बी-बियाणं घरात पडून हाय. डोक्यावरून नेईन, पण ट्रॅक्टर कसा नेऊ?" मग आवाज बारीक करून: "तुहा बाप बरा हाय का? लई वाळला म्हणतेत."

पाचशे फुटांवरच्या भावाची खुशाली मला इंग्लंडात विचारून राहिला. कसली माणसं ही, बाप्पा.

शनि., १४ जून

चालायला गेले नाही. ग्रेसनं दार वाजवलं, पाय दुखतोय म्हणून सांगितलं. खोटंच. कागद छापून टेबलावर ठेवलाय. तीनदा पेन उचललं. सही केली तर काकाचा ट्रॅक्टर त्याच्याच शेतात जाणार नाही, यंदाचं वर्ष गेलं त्याचं. न केली तर पप्पा तहसीलदारासमोर पोरीकडून पडतील. गाव बघत असेल.

प्रबंध: दीड पान, तेही खोडलं.

रवि., १५ जून

सकाळी पाठवलं. मेसेज, जसा गेला तसा:

"पप्पा, मी सही करत न्हाई. वाट होती, तुम्हाला बी ठाव हाय. काका बोलला ते चूकच बोलला, त्याची माफी मी त्याला मागायला लावते. पण खोटं लिहून देत न्हाई. जमीन तुमची हाय, पाहिजे तर नाव काढून घ्या."

दोन निळ्या टिकल्या लगेच आल्या. उत्तर नाही. दुपार गेली. पप्पांनी असं गप्प राहण्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या.

सोम., १६ जून

आठ वाजता आईचा फोन. तिथं साडेबारा. तारीख अकरा वाजताची होती.

"तुहे पप्पा तहसीलला गेलेच न्हाईत. वकिलाचे फोनावर फोन येऊन राहिलेत. सकाळीच फावडं घेऊन रानात गेले."

"कशाला?"

"मला सांगतेत का? नांगरलेली वाट मोकळी करायला गेले का आडवा चर मारायला, देव जाणे. दत्ताचा ट्रॅक्टर तिथं येऊन थांबलाय म्हणं. जाऊ का बघायला? मला तर भ्या वाटून राहिलं."

म्हणलं, जा. फोन चालूच ठेव.

आई चालताना ऐकू येत होती. धाप, बांगड्या, कुणाच्या तरी कुत्र्याला हाड. माझा चहा पार निवला. मग ट्रॅक्टरचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा.

"दिसले का?"

"दिसले. दोघं बी हायत."

"फावडं कोणाच्या हातात हाय?"

"दत्ताच्या."

"आन पप्पा?"

"समोर उभे हायत त्याच्या. चर न्हाई कुठं, वाटेवरली ढेकळं फोडलेली दिसतेत. थांब, दत्तानं ट्रॅक्टर बंद केला. काहीतरी बोलून राहिलेत."

"काय बोलून राहिलेत? जवळ जा ना."

"न्हाई माय," आई म्हणली, "मी जवळ गेले तर गप्प बसतील."