डॉक्टरणीच्या कागदावरचा तुझा गोल

आये, तुला जाऊन साठ वर्षं होत आली आणि परवा एका डॉक्टरणीने तुझी चौकशी केली. गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातली, तिशीचीही नसेल. माझ्या लेकीच्या गर्भपिशवीच्या अस्तराला कॅन्सर निघालाय. पिशवी काढणार आहेत.

लेक चव्वेचाळीसची. गेल्या वर्षी तिच्या अंगावरून जायला लागलं, महिन्याचे पंधरा-वीस दिवस. बाजारातल्या डॉक्टराकडे जावई घेऊन गेला, सोबत मी. त्याने विचारलं, "कुटुंबात कोणाला कॅन्सर?" मी म्हटलं, "नाय." जावई म्हणाला, "आमच्यातपण नाय." त्याला कोणी विचारलं होतं? पण मीसुद्धा तेच केलं. माणसाचं घराणं म्हणजे बापाचं. लेकीचा बाप, आजा, पणजा, कोणी दम्याने गेले, कोणी दारूने. म्हाळाला भट नावं घेतो ती त्यांचीच. तुझं नाव या घरात कधी घेतलं गेलं नाही. डॉक्टर म्हणाला, चाळिशीनंतर होतं असं. गोळ्या दिल्या. वर्षभर ती गोळ्या गिळत राहिली.

ही डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुमच्या आईकडचं सांगा." मी म्हटलं, "मेल्या माणसांचा काय करतलंस?" ती म्हणाली, "कशाने गेली तेच हवंय." मग सांगावंच लागलं. मी अकरा वर्षांची, नुकतीच शाळेतून काढलेली. व्हाळात उभी राहून तुझी लुगड्याची फडकी धुतेय. पाणी खालपर्यंत लाल होतंय. काठावर तू बसलेली, उठायची ताकद नाही, पण तोंड शाबूत. "कोणाक सांगलंस तर जीभ उपटीन." पुढे मामा गेला, त्याचं शौचातून रक्त जायचं. दोघांसाठी देवचाराला कोंबडे दिले. कोंबडे गेले, तुम्हीही गेलात.

डॉक्टरणीने बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढले. तुझा गोल काळा केला, मामाचा चौकोन काळा. "पिशवीचा आणि आतड्याचा, कधी कधी एकाच घरात चालतात. आईकडूनही येतं, बापाकडूनही." लेकीचा गोल काळा. तुम्हा दोघींच्या मधे माझा, कोरा. मला काही झालं नाही, नुसती वाट दिली असेल. खाली वीस वर्षांच्या नातीचा गोल, त्यात प्रश्नचिन्ह. "सगळ्यांना होतंच असं नाही. आधी आईचं रक्त तपासू, त्यात सापडलं तर हिचं. पण डाग दिसला तर लपवायचं नाही." लेकीचं रक्त घेतलंय. उत्तर यायला काही आठवडे. तोवर मी काय करू? उंबऱ्यावर बसून मासे साफ करते. मांजरालाही हाकलत नाही.

नात म्हणते, "आज्ये, माका काय्येक होवचा नाय." नखं निळी रंगवलीत. तिला द्यायला मी कुड्या ठेवल्यात. हे दुसरं दिलंय की नाही, तेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि दिलं असेल तर परत मागून घेता येत नाही.

काल लेकीने विचारलं, "आये, तुका म्हायत होता?"

"माहेरचा कोण धरता गो?" मी म्हटलं.

ती भिंतीकडे वळून झोपली. तुझ्यासारखीच पाय पोटाशी घेऊन.

हा कागद टाकायचा कुठे? तुझ्याकडे पोस्टमन जात नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवते. एवढं तुला सांगते, घराण्याचं मी म्हटलं ते निम्मंच खरं. बाजारातल्या डॉक्टराने विचारलं तेव्हा व्हाळातलं ते पाणी माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. बाजूला जावई बसला होता. मला लाज वाटली.