आठवीतले दोघे

९ ऑक्टोबर २००६, सोमवार

बॉयलरघराच्या मागे रक्त सांडले आहे. कोळशाच्या राखेवर पडल्यामुळे ते लाल दिसत नाही, काळे दिसते.

मधल्या सुट्टीत आठवी ‘ब’मधल्या तालायने त्याच वर्गातल्या एसेनच्या तोंडावर भट्टीतले निखारे ओढायची लोखंडी सळई मारली. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या फटक्याने जबडा मोडला. दुसरा डाव्या डोळ्यावर बसला. तिसरा एसेन खाली पडल्यानंतर. उपमुख्याध्यापिका या नात्याने मी धावले, तेव्हा तालाय दोन्ही हातांनी सळई धरून उभा होता. त्याची बोटे मला एकेक करून उकलावी लागली.

भट्टीवाला साताय पहिल्यापासून तिथेच होता. फावड्याला टेकून पाहत होता. ‘सोडवलं का नाहीस?’ मी विचारले.

‘सोडवायचं काय, एजे?’ तो म्हणाला. इथे बाईंना सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणतात. ‘दोघं आठवीतले. वरच्या वर्गातल्यानं खालच्याला धरलं असतं, तर याच फावड्यानं हाणलं असतं मी त्याला.’

हे त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितले.

१० ऑक्टोबर, मंगळवार

नारीनच्या इस्पितळातून फोन आला. एसेनचा डावा डोळा गेला.

११ ऑक्टोबर, बुधवार

लेफ्टनंट मिर्लान चौकशीसाठी आला. माझाच जुना विद्यार्थी, अपूर्णांकांना घाबरायचा. त्याने चौकशीच्या कागदावर लिहिलेले मी समोर बसून उलट्या बाजूने वाचले: ‘आरोपी आठवीतला, म्हणजे वय चौदा.’

त्या ‘म्हणजे’वर सगळे अवलंबून आहे. एवढी गंभीर इजा केली आणि वय चौदा असेल, तर फौजदारी खटला, मग सुधारगृह. चौदाच्या आत असेल, तर खटला उभाच राहत नाही. मी म्हटले, ‘मिर्लान, खडू घे.’

मग त्याला रीतसर समजावले. पहिलीत येणारी मुले एकाच वयाची नसतात. कोणी सहाव्या वर्षी येते, बहुतेक सातव्या वर्षी येतात. मेंढपाळांची मुले आठव्या वर्षी येतात, कारण सप्टेंबरात त्यांचे तंबू अजून वरच्या कुरणात असतात आणि आई म्हणते, जाऊ दे, पुढच्या साली. त्यात नापास होणारे मिळव. म्हणजे आठवीच्या एका बाकावर तेरा वर्षांचा मुलगा बसू शकतो आणि सोळा वर्षांचाही. इयत्ता हा जिना आहे. माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे ते जिना सांगतो. तो घरातून कधी निघाला ते सांगत नाही.

‘आणि तुझेच घे,’ मी म्हटले. ‘सरकारने शाळेच्या दहा इयत्तांच्या अकरा केल्या आणि आकडे पुढे सरकवले, तेव्हा तू तिसरीतून थेट पाचवीत गेलास. त्या उन्हाळ्यात तू दोन वर्षांनी मोठा झालास का?’

‘मला चौथी मिळालीच नाही, एजे,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर पोलिसात आलो.’

दाखले काढले. तालाय, जन्म २७ नोव्हेंबर १९९२. सहाव्या वर्षी पहिलीत. घटनेच्या दिवशी वय तेरा, चौदाला पूर्ण सात आठवडे कमी. एसेन, जन्म फेब्रुवारी १९९१. आठव्या वर्षी पहिलीत. वय पंधरा, सोळाकडे झुकलेले.

मिर्लानने ‘म्हणजे’ खोडले. एखादी सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत नीट उतरावी तसा मला आनंद झाला. तालाय वाचला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आनंद टिकला नाही.

आठवी ‘ब’च्या आयसालकिनला मी थांबवून विचारले, हे कधीपासून चालले होते? ती पायातल्या बुटाकडे पाहत बोलली. ‘मागच्या हिवाळ्यापासून, एजे. दर गुरुवारी. एसेन त्याला भट्टीमागे न्यायचा.’

‘आणि कोणी मध्ये पडले नाही?’

‘वर्गातल्या वर्गात मारलं तर त्याला काही म्हणत नाहीत. खालच्या वर्गातल्याला मारलं तर सगळे तोंडावर थुंकतात. वरच्यानं मारलं तर आमचा सगळा वर्ग जातो सोडवायला. पण तालायनं कुणाला बोलवायचं? एसेन आमच्याच वर्गातला.’

फेब्रुवारीत तालायचे पुढचे दोन दात पडले होते. शाळेच्या वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘बर्फावर घसरला.’ एप्रिलमध्ये मनगट. ‘खेळताना.’

आता मला ४ सप्टेंबर आठवतो. तालायची आई बुरमा माझ्या टेबलापाशी उभी होती. बसा म्हटले तरी बसली नाही. ‘एजे, माझ्या पोराला सातवीत बसवा,’ म्हणाली. मी म्हटले, एवढा हुशार मुलगा, त्याला मागे का खेचू? ती म्हणाली, एसेन त्रास देतो. मी हसून सांगितले, ‘दोघे बरोबरीचे आहेत. आपसात मिटवतील.’

तिला रीत ठाऊक होती. मुलगा सातवीत गेला असता, तर एसेनला त्याच्या अंगाला बोट लावणे लाजिरवाणे झाले असते. एका वर्षाच्या बदल्यात ती मुलाचे दात वाचवू पाहत होती. मी सत्तावीस वर्षे फळ्यावर बरोबरीचे चिन्ह काढते आहे, आणि वर्गाचा फोटो आज प्रथमच नीट पाहिला. तालाय एसेनच्या खांद्याला लागत नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सोमवारी चौकशी रीतसर बंद झाली. काल भर दुपारी एसेनचे तीन काका घोड्यांवरून तालायच्या घरी आले. तालायचा बाप सेगिझबाय ट्रक दुरुस्त करतो. त्याला गाडीखालून पायांना धरून ओढले, स्वतःच्याच फाटकाला बांधले आणि चाबकाने मारले. चाबूक तुटला तेव्हा बुटांनी. तीन बरगड्या मोडल्या, एक कान अर्धा फाटला. शेजारी पाहत होते. थोरला काका सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, ‘पोराला हात लावला तर लोक म्हणतील, मोठ्या माणसांनी आठवीतलं पोर मारलं. म्हणून बापाला.’

संध्याकाळी बुरमा आली. तिच्या ओढणीवर नवऱ्याचे रक्त होते.

‘तुमच्या कागदानं पोरगं वाचलं, एजे. आता नवऱ्यासाठी पण एक कागद द्या.’

मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच आहे. आठवीतला, आणि तेरा? दाखला खोटा आहे. एजेला मेंढा पोचला. या गैरसमजातूनच चाबूक चालला. लोकांना समजत नाही म्हणून ते मारतात. तेव्हा समजावले पाहिजे, सगळ्यांना, फळ्यावर. शुक्रवारी पालकसभा बोलावली आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सभा उत्तम झाली.

साठेक पालक होते. मी फळ्यावर तक्ता काढला. उभ्या रकान्यांत इयत्ता, आडव्या ओळींत पहिलीत येतानाचे वय. प्रत्येक चौकोन भरून दाखवला. पालकांनाच विचारले: तुमचा कितवीत? जन्म कधीचा? एकेक जण उठून सांगू लागला, आणि पाचवीच्या रकान्यात चार निरनिराळी वये जमली, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहून हसले. मग कायदा सांगितला. चौदाच्या आत खटला नाही. त्यात कोणाचा मेंढा नाही, कोणाची ओळख नाही, फक्त जन्मतारीख. मी चाळीस मिनिटे बोलले. कोणी उठून गेले नाही.

एसेनचा बाप तुरार पहिल्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्यानेच सगळ्यात नेमके प्रश्न विचारले.

‘म्हणजे, एजे, इयत्ता मोजायचीच नाही.’

‘नाही.’

‘तेरा असेल तर कायदा हात लावत नाही. काहीही केलं तरी?’

‘खटला होत नाही. नोंद होते, समज देतात.’

‘मग माझा धाकटा, बेकझात. सहावीत आहे. तो तुमच्या तक्त्यात कुठे बसतो?’

मी आठवून त्याचा चौकोन दाखवला. तोही आठव्या वर्षी आलेला. जूनमध्ये तेरा पूर्ण. चौदा पुढच्या जूनमध्ये.

‘पुढच्या जूनमध्ये,’ तुरार म्हणाला. मग उठून त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.’

२१ ऑक्टोबर, शनिवार

शेवयांची कणीक मळता मळता हात थांबले. तुरारने वय विचारले नव्हते. मुदत विचारली होती.

६ नोव्हेंबर, सोमवार

शरदाची सुट्टी संपली. तालाय आला, भिंतीच्या कडेकडेने, मागे वळून पाहत चालतो.

दुसऱ्या तासानंतर बेकझातने सातवीतल्या एका मुलाचे नाक फोडले, मग त्याचे डोके धरून जिन्याच्या कठड्यावर आपटले. मी पोचले तेव्हा मुले टाळ्या पिटत होती: सहावीतल्याने सातवीतल्याला लोळवले! हरलेला मुलगा बेकझातच्या हनुवटीला लागत होता. हे मी व्यायामशिक्षकांना दाखवून दिले.

‘सहावीतलं पोर आहे हो, एजे,’ ते म्हणाले. ‘अंगात मस्ती आहे, दुसरं काय.’

१३ नोव्हेंबर, सोमवार

आता प्रश्न एवढाच आहे: तालायला जिवंत कसा ठेवायचा?

बुरमाला म्हटले, त्याला बिश्केकला मावशीकडे पाठवा. ती म्हणाली, नवरा अंथरुणात आहे, मावशी नव्या वर्षानंतर घेईन म्हणते.

मिर्लानकडे गेले. तुरारच्या मनात काय आहे ते सांगितले. बेकझातचे नाव घेतले.

‘सहावीतला?’ त्याने तळहात टेबलाच्या उंचीवर धरला. ‘एवढा?’

मी त्याच्याच कागदावर पुन्हा तक्ता काढला. त्याने मान डोलावली. ‘तक्ता बरोबर आहे, एजे. मी कुठं नाही म्हणतो? पण सहावीतल्या पोरासाठी शाळेच्या फाटकावर शिपाई उभा केला, तर सगळा जिल्हा मला हसेल.’

ज्याने स्वतः ‘म्हणजे’ खोडले, तो असे म्हणतो. समजणे आणि दिसणे यांत एवढे अंतर असते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत मीच भट्टीमागे उभी राहते. साताय मला बसायला बादली उपडी घालून देतो.

२२ नोव्हेंबर, बुधवार

दुसरे कोणी ऐकत नाही, तेव्हा ज्याच्या जिवावर बेतले आहे त्यालाच सांगावे असे ठरवले. शाळा सुटल्यावर तालायला थांबवले. काही न लपवता, क्रमाने सांगितले. बेकझात सहावीत असला तरी तुझ्याहून सातच महिन्यांनी लहान आहे. त्याने तुला काही केले तरी कायदा त्याला धरणार नाही. त्याच्या घरच्यांना हे ठाऊक आहे. कसे ठाऊक झाले, तेही सांगितले.

तालायने दातांच्या फटीतून जीभ फिरवली. ‘आणि मी त्याला मारलं तर?’

‘सोमवारी तुला चौदा पूर्ण होतात. त्यानंतर तुला धरेल. म्हणून तू काहीच करायचे नाहीस. एकटा राहायचे नाही, तो दिसला की माझ्याकडे यायचे.’

‘सहावीतल्याला बघून पळालो, तर वर्ग काय म्हणेल, एजे?’

‘काहीही म्हणू दे.’

‘तो जवळ आल्यावर कळणार कसं, की तो मारायलाच आलाय?’

प्रश्न योग्य होता. मी म्हटले, ते कळत नाही; म्हणून अंतर ठेवायचे. त्याने मान डोलावली. हा मुलगा शांतपणे ऐकतो. त्याला उलट सांगायला लावले, तर एक शब्दही चुकला नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

बुरमाने तळलेले बोरसोक डबाभर पाठवले होते. रीतीप्रमाणे वर्गाने तालायचे कान ओढले, मोठ्याने मोजत, चौदा वेळा. तो पहिल्यांदाच हसला. वर्गाच्या दारात बेकझात उभा होता. मोजणी संपेपर्यंत थांबला आणि निघून गेला.

बाकी काही घडले नाही. थंडी उणे अठरा.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

बेकझात गेला.

सकाळी फाटकापाशी तो तालायच्या दिशेने चालत आला. दोन्ही हात कोटाच्या खिशांत होते. तालायने ते हात बाहेर येण्याची वाट पाहिली नाही. बापाच्या अवजारांतला पेचकस त्याच्या बाहीत होता. चार वार.

बेकझातच्या खिशांत काहीच सापडले नाही. पोराकडे हातमोजे नव्हते.

मिर्लानने या वेळी इयत्ता विचारली नाही.