डब्याची वायर

८ ऑक्टोबर
वारा उत्तरेचा, हलका. पाणी भांगाचं, भरती-ओहोटीला ओढ नाही.
पोरगा जितू काल पापलेट घेऊन आला. पण पांडूच्या पोरांची बोट पुन्हा आमच्याच जागेवर होती म्हणे. तिसऱ्यांदा! ती जागा मी बोटीचा तांडेल असताना शोधलेली. बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, बिचारी गेली तरी. किनाऱ्यावरची वीजघराची चिमणी लांब जाता जाता पाण्याखाली बुडाली की पश्चिमेला दोन तास, मग दोरीला शिसं बांधून सोडायचं, काळा चिखल लागून आला की जाळी टाकायची. हे फक्त मला आणि जितूला ठाऊक. मग पांडूला कोण सांगतं? डोकं तापलंय.

९ ऑक्टोबर
चोर सापडला. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात गेलो होतो. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर गावातल्या सगळ्या बोटींचे ठिपके. बोटीवर बसवलेला सरकारी डबा वर आकाशात खबर देतो, तिथून ती या टीव्हीत उतरते. शेजारी जागेचे आकडे. आणि समोर खुर्चीत चहा पीत पांडू!
"ये दामूदादा, तुजा जितू बग, आज कुटं हाय त्यो."
तसाच बाहेर पडलो. आमच्या वेळी ट्रान्झिस्टरवर हवामान ऐकायचं, तेवढंच. मग वायरलेस आला, मोबाइल आला. ती यंत्रं आपण बोललो तरच बोलायची. हा डबा न विचारता चुगली करतो.

१० ऑक्टोबर
जितूला धक्क्यावर गाठलं. म्हटलं, डब्याची वायर काढ.
"बाबा, वादळाचा मेसेज त्याच्यावरच येतो."
"आमी काय मेसेज वाचून घरी आलो?"
स्वतः तांडेल झाला तरी मला उलट बोलत नाही. वायर काढली. सुनेला सांगू नको म्हटलं, तेही ऐकलं. चार खलाशी घेऊन दुपारी गेला.
पांडूला म्हणावं, बस आता टीव्ही बघत.

११ ऑक्टोबर
सून दर्शना मोबाइल घेऊन आली.
"बाबा, ह्यांची बोट अजून धक्क्यालाच दाखवते."
"यंत्र हाय, झोपलं असंल."
हसली आणि बोंबील वाळत घालायला गेली. धक्का रिकामा आहे हे तिलाही दिसतं. मला हसू आलं नाही.

१२ ऑक्टोबर
वारा फिरला. आग्नेयेचा, जोराचा. सकाळीच सगळ्या बोटींच्या डब्यांवर मेसेज गेला, परत फिरा. दुपारपर्यंत बोटी येत राहिल्या. आमची नाही. वायरलेसवर हाका मारल्या, पण तेवढ्या लांब तो पोचत नाही.
सगळे म्हणतात, डबा बिघडला असेल. मीही मान हलवली. खरं सांगायला हवं होतं. वाटलं, येईलच तासाभरात.

१३ ऑक्टोबर
नाही आला.
सकाळी ऑफिसात गेलो. पालघरहून मत्स्य खात्याच्या साहेबाचा फोन, शोधाला जहाज निघतंय, बोटीची जागा सांगा. टीव्हीवर आमचा ठिपका धक्क्यालाच. शेवटी फोन मी घेतला. वायरचं सांगितलं, सगळ्यांसमोर. मग चिमणी, दोन तास, काळा चिखल.
साहेब शांतपणे म्हणाला, "काका, मला आकडे हवेत."
आकडे मला कुठले येतात? एवढी वर्षं जपलेली जागा, आणि पोरगा तिथे अडकलाय तर सांगता येईना.
पांडूने माझ्या हातातून फोन घेतला. खिशातून चिठ्ठी काढून आकडे वाचले, दोनदा.
"बरोबर हायत ना रे?" मी विचारलं.
"दादा, तितं आमी जाळी टाकलीत. चुकायचं नाय."
ज्याच्यापासून लपवलं त्याच्याच खिशात जागा होती. मी त्याचे हात धरले. काल बोललो असतो तर जहाज कालच निघालं असतं. हे तो बोलला नाही.

१४ ऑक्टोबर
जहाज अजून तिथे पोचलेलं नाही. समुद्र खवळलेला. वारा तसाच.
दर्शनाला काल ऑफिसातूनच कळलं. जेवण माझ्यासमोर ठेवते नि मोबाइल घेऊन बसते. आज मीच म्हटलं, "पोरी, माजी चूक झाली."
तिने मोबाइलवरून नजर उचलली नाही. ठिपक्याकडे बघतच विचारलं, "वारा बगून त्यांनी वायर परत जोडली असती ना? स्वताच्या मनानं?"
काय सांगू? जोडली असती तर ठिपका हलला असता. एक तर बोटीला काही झालंय, नाहीतर तो तिथे लाटांत वायर हातात घेऊन बसलाय, बाबा नको म्हणाले म्हणून. दुसरं खरं असावं, असं मनाला म्हणत बसलोय.
जन्मभर माझं ऐकलं त्याने. आता तरी ऐकू नकोस रे.