गुरुवारचा बाजार

॥ श्री ॥

चिंचखेड, ता. अंबड
गुरुवार, ६ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. दुर्गा हीस,
उषावहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे, घरी रखमाजीरावांच्या हाती पडायला नको म्हणून. तीन कागद फाडून हा चौथा. शाळेत सिस्टर सांगायच्या, आधी समास सोडावा, मग संकोच. समास सोडला आहे.

आमच्या लेकीच्या, बेबीनंदाच्या लग्नात तुझ्या यजमानांना फेटा अंबडच्या वकिलांच्या नंतर बांधला गेला. ते मांडवातून उठले आणि घरी नेऊन त्यांनी खंडोबाच्या भंडाऱ्यावर तुझा हात ठेवला, की माहेरचा उंबरा चढणार नाही. तुझे दादाही तसेच. म्हणाले, नाही चढली तर राहिलं. परवाची भाऊबीजही तशीच कोरडी गेली.

तुला कळलं असेल, मी यंदा ग्रामपंचायतीत निवडून आले. जागा बायकांसाठी निघाली आणि मॅट्रिक झालेली म्हणून माझं नाव पुढे आलं. पहिल्याच बैठकीत मी टेबलावर हात आपटला, की आठवडी बाजार गुरुवारचा रविवारी करा. बाजारतळ शाळेला लागून. गुरुवारी पोरांना धड्यापेक्षा कांद्याचा भाव जास्त ऐकू येतो. सरपंच भुजंगराव म्हणाले, बाई, तुम्ही मिशनच्या शाळेतल्या, तुम्हाला रविवारच दिसणार. सुटी कधी असते ते आमच्या बैलांना विचारलं का? पण ठराव झाला. दसऱ्यापासून बाजार रविवारी भरतो.

आणि तेव्हापासून तुझ्या आईचं बिनसलं आहे. ताप नाही, खोकला नाही, पण जेवण चतकोरावर आलं. पूर्वी दर गुरुवारी सकाळी स्वतः धपाटे थापायची, देवळातल्या म्हातारीला द्यायला म्हणून. आता पिठाचा डबा उघडत नाही. आज काठी घेऊन निघाली, मी मागून गेले. रिकाम्या बाजारतळावर, केशरबाई कासारीण जिथे बांगड्या मांडायची, तिथे उन्हात बसली होती. हात धरला तर म्हणाली, थांब गं, दुर्गीला उशीर झाला असंल.

भ्रम झाला असेल का? तू तर अकरा वर्षांत या गावी आली नाहीस. अंबडला डॉक्टरांकडे नेऊ, की तुला काही ठाऊक आहे? माझं कशात लक्ष लागत नाही. उलट टपाली लिही.

लोभ इतकी वर्षं घडी घालून ठेवला होता, तो आता उलगडावा.

तुझी,
उषावहिनी


खापरवाडी
१२ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. उषावहिनीस,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

लेकरांना खिचडी वाढता वाढता तुमचं पत्र वाचलं. बुडाची खिचडी करपली. आईला डॉक्टरकडं नेऊ नका. आई बिलकुल ठीक आहे.

वहिनी, मी दर गुरुवारी येतच होते. शपथ उंबऱ्याची होती, आन बाजाराला उंबरा नसतो. केशरबाई आईसाठी पोत्याची घडी टाकून ठेवायची. आईचं कपाळ मोकळं, तिला बांगड्यांपाशी काय काम, आसं कुणी विचारलंच तर केशरबाई म्हणायची, नातीसाठी बघून राह्यली. अकरा वर्षं त्या नातीचं माप काही ठरंना! आईचे धपाटे खाणारी देवळातली म्हातारी म्हणजे मीच.

आमच्या ह्यांना ठाऊक होतं का, ते मी विचारलं न्हाई. पण गुरुवारी पिशवी खुंटीवरनं तेच काढून द्यायचे, आन जल्दी ये आसं कधी म्हणाले न्हाईत.

मंग तुमचा रविवार आला. रविवारी नागझरीचा बाजार. तो आम्हाला जवळ, ढोरं, बियाणं, सगळं तिथंच. हे मला गाडीत घालून तिकडं नेतात. नागझरी सोडून चिंचखेडला जाते म्हणायला कारण काय सांगू? केशरबाईपण नागझरीलाच बसती. पहिल्या रविवारी तिनं सवयीनं पोत्याची घडी टाकली, आन मंग उचलून ठिवली.

मी एकटी न्हाई. केशरबाईपाशी पाच-सहा मायलेकी आसायच्या. तुमची भाजी गडी आणतो, तुम्ही बाजारात कधी आल्याच न्हाई, मंग तुम्हाला कसं दिसंल? राग मानू नका. ठराव तुमचा आहे आसं कळलं तवा मला वाटलं, वहिनीला समजलं आन तिनं मुद्दाम तोडलं. पत्र आलं तवा ते मनातून गेलं.

बद्रीदादाला सांगू नका. आईला म्हणावं, दुर्गी बरी आहे, उन्हात बसू नको.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दुर्गा


चिंचखेड
गुरुवार, ११ डिसेंबर १९९७

चि. सौ. दुर्गा हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस तुझ्या आईच्या नजरेला नजर देता आली नाही. छत्तीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आणि मला तिचा गुरुवार कळला नाही.

तुझा निरोप सांगितला. तिने एवढंच विचारलं, तुला कुणी सांगितलं, आणि उगाच चूल पेटवून पाणी तापवत बसली. म्हटलं, आपण दोघी नागझरीला जाऊ. तर म्हणाली, जीपमध्ये अर्धं गाव असतं, बद्रीला काय सांगशील?

महिन्याच्या बैठकीत मीच म्हणाले, ठराव मागे घ्या. भुजंगरावांनी कारण विचारलं. मी म्हणाले, व्यापारी येत नाहीत. ते खोटं नाही. गेल्या रविवारी दोन कांदेवाले, एक चपलावाला आणि एक चुकलेली शेळी एवढाच बाजार भरला. तर म्हणाले, दवंडी झाली, तहसीलला कागद गेला, आता पुढच्या वेळी बाई अमावास्येला भरवा म्हणतील. सगळे हसले. घरी तुझ्या दादांनी ऐकवलं, कशाला हसं करून घेतेस.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. तिथे पुन्हा मांडणार. पण खरं कारण तूच आहेस, आणि ते सांगायची मला मुभा नाही. दे. नाहीतर देऊ नकोस. मला काही सुचत नाही.

इकडची काळजी तुझ्यावर सोपवते, लोभासकट.

तुझी,
उषावहिनी


चिंचखेड
२७ जानेवारी १९९८

चि. सौ. दुर्गा हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, टपालाचा भरवसा नाही.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच काल ग्रामसभेला गेले. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सभा. पुरुष सतरंजीवर, आम्ही चौघी बायका भिंतीला. मी शाळेचं सांगितलं, व्यापाऱ्यांचं सांगितलं. भुजंगराव म्हणाले, बाई, गुरुवार घालवला तुम्ही आणि मागता पण तुम्हीच, खरं कारण सांगा. मी पुन्हा कांदेवाल्यांचंच सांगू लागले.

तेवढ्यात मागे काठी वाजली. तुझी आई! मी तिला घरी ठेवून आले होते. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, सुनेला सांगता यायचं न्हाई, मी सांगते. माझी लेक मला गुरुवारी बाजारात भेटत होती. अकरा वर्षं. आता भेटत न्हाई. एवढंच कारण हाये, लिहून घ्या.

कुणी हसलं नाही. ग्रामसेवकाने खरोखर लिहून घेतलं. मग धुळाजींची आसराबाई उठली आणि नुसतं म्हणाली, माझीपण. भुजंगराव सतरंजीकडे बघत म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. म्हणजे काय, देव जाणे.

तुझे दादा समोरच होते. उठले आणि निघून गेले. आज सकाळी मला फक्त विचारलं, रविवारी नागझरीची जीप किती वाजता सुटते? का, ते सांगितलं नाही. दुर्गा, भांडायला निघाले असतील तर? आणि भांडायला नसतील, तर रखमाजीराव काय करतील? आईने मात्र पीठ चाळायला घेतलं आहे.

मी येत नाही. रविवारी इथल्या बाजारात मी दिसले नाही, तर बाईंनी स्वतःचाच बाजार सोडला म्हणायला भुजंगरावांना आयतंच मिळेल. पण माझे डोळे तिकडे लागलेले असतील. काय झालं ते लगेच कळव.

शब्द अपुरे पडले तिथे लोभ धरून घे.

तुझी,
उषावहिनी


खापरवाडी
रविवार, १ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. उषावहिनीस,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

मधल्या पत्राला उत्तर दिलं न्हाई. हो पण लिहवत नव्हतं आन न्हाई पण. आईनंच उत्तर दिलं.

आता बाजारातून येऊन हातपाय न धुता लिहून राह्यले. आधी केशरबाईला दिसलं. तिनं मला काही सांगितलं न्हाई, पोत्याची घडी झटकून टाकली. वर पाह्यलं तर दादा आईला हाताला धरून आणून राह्यला. तिला बसवलं. माझ्याकडं पाह्यलं न्हाई. केस पिकले की वो त्याचे! मंग तो बैलबाजाराकडं वळला. आमचे हे तिकडंच गेल्ते. आईला तिथंच सोडून मागं पळाले.

काय पाह्यलं सांगू? एका देवणी बैलाच्या आल्याड हे, पल्याड दादा. ह्यांनी बैलाचं तोंड उघडलं आन बैलालाच म्हणाले, सहा दात दिसतात. दादा पण बैलालाच म्हणाला, आठ हायेत, नीट पाहा म्हणावं. ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं. बैलाचा धनी वैतागला, म्हणाला, घेताय का मोजताय? दोघांपैकी एकाला पण बैल घ्यायचा नव्हता वहिनी. आमची तर बैलजोडी नवीकोरी आहे.

मी उलट्या पावली आईपाशी आले. आईनं धपाटे काढले. आज घाई नव्हती. तिकडं मोजणं चालू होतं.

येताना गाडी हेच हाकत होते. वेशीपाशी म्हणाले, आईनं मीठ कमी टाकलं. पदरात बांधलेले धपाटे मी मोजले, तर एक कमी.

शपथ अजून हाये. उंबरा मी चढणार न्हाई. भुजंगरावाला म्हणावं, आमचा गुरुवार जल्दी द्या. पण तवर दर रविवारी दादाला नागझरीला लावून द्या. दात अजून ठरले न्हाईत.

होतं तेवढं प्रेम असू द्या, उरलं तर लेकरांना.

तुमची,
दुर्गा

ता. क. केशरबाईनं आज पोत्याच्या दोन घड्या टाकल्या होत्या. दुसरीवर कुणी बसलं न्हाई. ती तुमची आहे म्हणाली.