घंटेनंतरचे वाक्य

प्रति,
मा. सचिव,
साथ-प्रतिबंध मार्गदर्शिका समिती,
आरोग्य विभाग, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मार्गदर्शिकेच्या मसुद्यातील परिच्छेद २३ वर हरकत, तसेच तज्ज्ञ मंडळाच्या चौदाव्या बैठकीच्या इतिवृत्तातून अर्जदाराने गाळलेले वाक्य पुन्हा दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे. ३) हरकती व सूचना मागवणारे आपले जाहीर निवेदन.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याच विभागातील निवृत्त लघुलेखिका असून तिची एकतीस वर्षे सेवा झालेली आहे. साथीच्या पहिल्या वर्षी तज्ज्ञ मंडळाच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण दोनदा बंद पडले, म्हणून जुन्या माणसाची आठवण झाली आणि अर्जदारास परत बोलावण्यात आले. लांब टेबलाच्या टोकाला, उघड्या खिडकीपाशी तिची खुर्ची असे. सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या, त्यामुळे कोण बोलते आहे हे खांद्यांच्या हालचालीवरून ओळखावे लागे. तरीही एकाचे बोलणे दुसऱ्याच्या नावावर गेले, असे एकदाही झाले नाही. अर्जदारास त्याचा अभिमान होता. आता तो सांगतानाही जीभ अडखळते.

२. मंडळाच्या अध्यक्षांपुढे पितळेची एक लहान घंटा असे. एक मुद्दा संपला की ते ती वाजवीत आणि पुढचा मुद्दा घेत. घंटा वाजल्यावर कागद आवरता आवरता, चहाचा पेला उचलता उचलता कुणी काही बोलले तर ते इतिवृत्तात घ्यायचे नाही, असा या कार्यालयाचा जुना शिरस्ता आहे. अर्जदार नवी होती तेव्हाचे हेडक्लार्क म्हणत, "घंटेआधीचं सरकारचं, घंटेनंतरचं घरचं." हा शिरस्ता कोणत्याही नियमपुस्तकात नाही. अर्जदाराने तो पुढे अकरा मुलींना शिकवला.

३. चौदाव्या बैठकीत सहावा मुद्दा कर्करोगाच्या रुग्णांचा होता. रुग्णालयांत साथीचे रोगी दाटलेले, खाटा नाहीत, आणि कर्करोगाच्या माणसाला संसर्ग झाला तर तो तग धरत नाही. तेव्हा उपचार किती लांबवता येतील, असे अध्यक्षांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारले. हे गृहस्थ उंच, किंचित वाकलेले, बोलण्याआधी चष्मा काढून हातात धरणारे. गाठ हळू वाढणारी असेल तर सहा आठवडे थांबता येईल, असे ते म्हणाले. अध्यक्षांनी घंटा वाजवली. तज्ज्ञांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शेजाऱ्याकडे वळून, पण सर्वांना ऐकू जाईल असे, आणखी काही बोलले. अर्जदाराचा हात थांबला नाही. शॉर्टहँडच्या वर्गातील बाईंनी हाताला थांबायला शिकवलेच नव्हते. वहीत ते उतरले. टंकलिखित प्रत करताना अर्जदाराने ते गाळले.

४. त्या इतिवृत्तावरून चौथ्या दिवशी परिपत्रक निघाले. त्यात 'गाठ हळू वाढणारी असेल तर' हे शब्दही कुठेतरी पडले. ती चूक अर्जदाराची नाही, पण ती मोजायला अर्जदार बसलेली नाही. आता तोच मजकूर आपल्या मार्गदर्शिकेच्या परिच्छेद २३ मध्ये, "तज्ज्ञांच्या मते कर्करोगाचे उपचार सहा आठवडे पुढे ढकलणे सुरक्षित" असा छापला जाणार आहे. पुढची साथ येईल तेव्हा कुणीतरी हेच पान उघडेल.

५. यापूर्वीच्या अर्जांचे काय झाले ते थोडक्यात. पहिल्या अर्जास, इतिवृत्त कायम झाले असून त्यात बदल करता येत नाही, असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जासोबत वहीच्या पानाची छायाप्रत जोडली. त्यावर, लघुलिपीतील टिपण पुरावा म्हणून घ्यायचे तर दुसऱ्या जाणकार वाचकाची पडताळणी हवी, असे कळवण्यात आले. अर्जदार स्वतः अभिलेख कक्षात गेली. तेथील लिपिकाने मान्यताप्राप्त वाचकांची यादी काढली. तरुण माणूस, वागायला चांगला. त्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "आजी, यात एकच नाव उरलंय, आणि ते तुमचंच आहे. तुमचं तुम्हीच कसं तपासणार?" तिसऱ्या अर्जात अर्जदाराने स्वतःवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी अशी विनंती केली. तक्रारदार व दोषी ही एकच व्यक्ती असल्यास विहित नमुना उपलब्ध नाही, असे उत्तर आले व सोबत दीर्घ सेवेबद्दल आभाराचे छापील पत्र आले. ते पत्र परत केले आहे.

६. दरम्यान अर्जदार त्या कर्करोगतज्ज्ञांनाही भेटली. ते आता घरीच असतात, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. त्यांनी वहीचे पान हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि अर्जदाराकडून वाचून घेतले. मग पान परत दिले. "असं मी बोलल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले, "पण बोललो असेन तर बरंच केलं. घंटेआधी बोलायला हवं होतं." अर्जदाराने आपल्या बहिणीबद्दल विचारले (ती हकिकत पुढे आहे), तेव्हा ते म्हणाले, "बाई, शंभर जणींचं काय होईल ते मी सांगू शकतो. एकीचं नाही सांगता येत." निरोप घेताना फाटकापर्यंत आले.

७. बहिणीचा उल्लेख यापूर्वीच्या तिन्ही अर्जांत नाही. तो आता करणे भाग आहे.

अर्जदाराची धाकटी बहीण तिच्याच घरी राहत असे. दोघी बहिणी एकाच वर्गात शॉर्टहँड शिकल्या. एक बाक, एक दौत, घरी जाताना एकच छत्री. अर्जदाराचा हात वेगवान, धाकटीचा डोळा पक्का. एकमेकींचे लेखन तपासायची बाईंची सक्ती होती, आणि तपासलेल्या ओळीपुढे धाकटी पेन्सिलने समासात एक बारीक खूण करी, पक्ष्याच्या चोचीसारखी. अर्जदार तिला चिडवी, "कावळ्यानं टिपलंय की काय?" धाकटी म्हणे, "टिपलंय म्हणजे खरं आहे."

साथीच्या वर्षी धाकटीचे कर्करोगाचे औषध सुरू झाले होते. दोन डोस झाले होते. परिपत्रकानंतर रुग्णालयातून फोन आला, की तारखेला यायचे की सहा आठवडे थांबायचे ते रुग्णाने ठरवावे. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ताई, तू तर तिथंच होतीस. काय करू?"

अर्जदार म्हणाली, "थांब. मी माझ्या हातानं लिहिलंय."

"आणखी काही म्हणाले का ते?"

"नाही."

८. तिन्ही अर्जांत अर्जदाराने शिरस्त्याकडे बोट दाखवले. शिरस्ता खरा आहे. परंतु स्वयंपाकघराच्या दारात घंटा नव्हती. अर्जदारास लहानपणापासून दमा आहे. धाकटी रुग्णालयात जाऊ-येऊ लागली तर ती साथ घरात आणील आणि आपला श्वास कोंडेल, ही भीती अर्जदाराच्या मनात होती. 'नाही' हा शब्द त्या भीतीने उच्चारला. अर्जदार जगली. सहा आठवड्यांचे अकरा झाले, कारण खाटा रिकाम्या होईनात. धाकटी पुढल्या वर्षी गेली. तिसरा डोस वेळेवर मिळता तर काय झाले असते, हे तज्ज्ञांनाही सांगता येत नाही, तेव्हा अर्जदार त्याबद्दल काही म्हणत नाही. आपण जे ऐकले ते आपण सांगितले नाही, एवढेच तिचे म्हणणे आहे.

९. आता हरकतीचा मुख्य आधार. दुसऱ्या वाचकाच्या पडताळणीची अट आपल्या कार्यालयाने घातली होती. गेल्या महिन्यात अर्जदाराच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर तिने वहीचे ते पान पुन्हा उघडले आणि आजवर न दिसलेली गोष्ट दिसली. घंटेनंतरच्या तीन ओळींपुढे, समासात, पेन्सिलच्या तीन बारीक खुणा आहेत. वही साथीच्या वर्षभर जेवणाच्या टेबलावर पडलेली असे. अर्जदाराचा हात वाचू शकेल अशी व्यक्ती जगात एकच होती, आणि ती त्या टेबलाशी रोज बसत होती.

तिने हे वाचले ते तारीख चुकण्याआधी की नंतर, अर्जदारास ठाऊक नाही. वर्षभरात ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. अर्जदारासाठी रोज सकाळी वाफेचे पाणी उकळत ठेवणे मात्र तिने शेवटपर्यंत सोडले नाही.

सबब, पडताळणी झालेली आहे असे मानण्यात यावे. दुसरा वाचक उलटतपासणीस हजर राहू शकत नाही.

१०. मुदतीत आलेली प्रत्येक हरकत समितीपुढे मोठ्याने वाचली जाते, फेटाळली तरी, आणि परिशिष्टात छापली जाते. तो नियम पुस्तकात आहे. त्याचा मसुदा पूर्वी अर्जदारानेच टंकलिखित केला होता. म्हणून इतिवृत्तात जागा नसल्यास नसो. ते वाक्य अर्जदार येथेच, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरांत, लिहीत आहे. कर्करोगतज्ज्ञ म्हणाले :

"ज्यांचं औषध सुरू झालंय त्यांचं मात्र थांबवू नका. आणि सहा आठवडे हा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेलं नाही. माझी आई असती तर मी थांबलो नसतो."

हे वाचून होईपर्यंत अध्यक्षांनी घंटा वाजवू नये, एवढीच प्रार्थना.

आपली अपराधी व नम्र,
(सही)
अर्जदार, निवृत्त लघुलेखिका

दिनांक : ११, हरकतींच्या मुदतीस दोन दिवस बाकी असताना.

सोबत :
१) वहीचे पान क्र. ८७, मूळ. दप्तरी ठेवावे. समासातील खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून वर पातळ कागद लावला आहे, तो काढू नये.
२) धाकटीच्या तिसऱ्या डोसच्या तारखेचे कार्ड, छायाप्रत. मूळ कार्ड अर्जदाराजवळ आहे. ते मागू नये.